चार बोटांचा जोड

आमच्या वसतिगृहात जळमटं काढायला परवानगी लागायची. ती रेक्टरबाई देत नसत, संस्थेचे सचिवही देत नसत. मागच्या खोलीत राहणारे काकाजी देत.

मी सेलूच्या या मुलींच्या वसतिगृहात भांडारपाल म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्या शनिवारच्या यादीत पहिलं काम होतं : 'जळमटं काढणे – सर्व खोल्या.' लांब काठीला झाडू बांधून मी कोठीच्या खिडकीशी उभी राहिले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई, घरात कोणी हाय का, ते पाह्यलं का?"

"कोणाच्या घरात?"

"ज्याच्यावर काठी उगारून राह्यल्या, त्याच्या."

मी वळून पाहिलं. ठेंगणा, सुकलेल्या शेंगेसारखा माणूस. चष्म्याच्या दोन्ही काड्यांना कापडी पट्टी शिवून ती डोक्यामागं बांधलेली. त्यांनी मला खिडकीच्या कोपऱ्यात बोट दाखवून जाळ्याच्या मधोमध बसलेला कोळी दाखवला आणि नियम सांगितला. जाळं रिकामं असलं तर ते जळमट, ते खुशाल काढावं. मालक आत असला तर ते घर.

"मालक असन तं त्याले नोटीस द्या, मंग पाडा."

"कोळ्याला नोटीस कशी देतात?"

"फुक मारायची. गेला तं गेला. नाई गेला तं त्याची मर्जी."

त्यांनी फुंकर मारली. कोळी जागचा हलला नाही. काकाजी म्हणाले, "पाहा, त्यानं अर्ज नामंजूर केला," आणि निघून गेले.

तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. कोणतंही काम यादीत आलं की निम्मं झालं, असं माझं मत होतं. ते आजही आहे. फक्त पुढच्या शनिवारपासून मी 'जळमटं काढणे'च्या पुढं कंसात 'मालक नसल्यास' असं लिहायला लागले. अजून लिहिते. झाडायला येणारी नवी बाई विचारते, कोणते मालक? मी फुंकर मारून दाखवते.

काकाजी मूळचे नाचणगावचे. तिकडच्या एका गिरणीत त्यांनी उमेदीची वर्षं नवार विणण्याच्या खात्यात काढली होती. नवार म्हणजे खाटेला विणतात ती सुती, चार बोटं रुंद, जाड पट्टी. गिरणी बंद पडल्यावर ते एक छोटा माग घेऊन आमच्याकडे आले. मुलींच्या बत्तीस लाकडी खाटा होत्या. त्यांच्या नवारी विणायच्या, सैल झाल्या की ताणायच्या, फाटल्या की बदलायच्या, हे त्यांचं काम. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. मागच्या खोलीत एका बाजूला माग, दुसऱ्या बाजूला खाट, मधे एक माणूस जाईल एवढी वाट.

त्यांच्या अंगावरच्या आणि आसपासच्या निम्म्या वस्तू नवारीनं बांधलेल्या असत. पँटला पट्टा नवारीचा. सायकलच्या मागं डबा बांधायला नवार. खोलीच्या दाराला कडी नव्हती, नवारीचा फास होता. एकदा मी दुकानातून चांगला चामडी पट्टा आणून दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "मेल्या जनावराची चामडी कमरीले बांधून फिरू का मी?" पट्टा त्यांनी माझ्यासमोर कोठीत जमा केला आणि नोंद करायला लावली. तो अजून तिथंच आहे.

नवारीवर त्यांचा जीव का, हे मला एका भर दुपारी समजलं. शेजारच्या मळ्यात म्हशीची वगार विहिरीत पडली होती. माणसं दोर टाकत होती, आणि दोर पोटाखाली काचला की ती ओरडत होती. काकाजींनी आमच्या दोन खाटा पंधरा मिनिटांत उसवल्या, नवारीचे पदर वगारीच्या पोटाखालून घेतले आणि ती अलगद वर आली. अंगावर एक ओरखडा नाही. मळेवाला पाया पडायला लागला, तर हे म्हणतात, "माह्या पाया नको पडू. रुंदीच्या पड. दोरी कापते, नवार धरते."

संध्याकाळी त्या खाटांवरच्या दोन मुली जमिनीवर सतरंजी टाकून झोपल्या. मी म्हटलं, खाटा उसवण्याआधी मला सांगायचं तरी. ते म्हणाले, "वगारीले बी सांगतो मी, आता तूच यादीत नाव टाकून पडत जाजो."

खाट विणून झाली की ती पास करण्याची त्यांची एक पद्धत होती. त्यावर ते बसत नसत. स्वयंपाकघरातून एक लिंबू आणायचं, हात खांद्याइतका वर करायचा आणि लिंबू खाटेवर सोडायचं. ते उसळून वीतभर वर आलं तर खाट पास. नाही आलं तर सगळं उकलून पुन्हा विणायचं. आमची स्वयंपाकीण सुमन दर वेळी कुरकुरायची, की लिंबू परत येतं ते मऊ होऊन येतं. काकाजी सांगायचे, "तुले पिळाले सोपं जाते. फुकटात काम करून देतो, अन् वरून बोलते."

दुसरी त्यांची शान म्हणजे जोड नसणं. एका खाटेला एकच अखंड नवार. सुरुवात उशाशी, शेवट पायथ्याशी. मधे कुठं तुकडा जोडला तर ती खाट त्यांच्या लेखी खाटच नव्हती. बाहेर कोणाकडे गेले तरी बसण्याआधी खाटेच्या बुडाशी हात फिरवून पाहत आणि जोड लागला की उभ्यानंच चहा घेत.

मात्र त्यांच्या खाटांमध्ये एक गोष्ट मला डाचायची. विणून झाल्यावर ते नवारीचं टोक कापत नसत. चार-चार हात उरलेली पट्टी गुंडाळी करून पायथ्याखाली लोंबत ठेवत. तिला ते शेपूट म्हणत. बत्तीस खाटांखाली बत्तीस शेपटं. त्यात धूळ बसे, कोळी राहायला येत, आणि मग मालक असल्यामुळे झाडूही लावता येत नसे.

"काकाजी, ही शेपटं कशाला ठेवता? कापून टाका."

"बैलाचं शेपूट कापता का?"

"बैलाला माश्या हाकायला लागतं. खाटेला कशाला?"

"लागते तवा समजते," ते म्हणाले आणि मागावर जाऊन बसले. कारण सांगणं त्यांना कमीपणाचं वाटे.

तसंच धुण्याचं. नवारी ते कधीच धूत नसत. दर उन्हाळ्यात खाटा अंगणात काढायच्या, वैशाखातलं ऊन खाऊ द्यायचं आणि वेताच्या काठीनं झोडपायच्या. "नवारीले ऊन दाखवा, काठी दाखवा, पाणी नाई दाखवा." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की मला तो एक आळशीपणा वाटायला लागला. माणसाला धुणं नको असलं की तो त्याचं शास्त्र करतो, असं मी तेव्हा सुमनला म्हणाल्याचं मला आठवतं. सुमनलाही आठवतं.

माझ्या याद्यांची ते टर उडवत. मी भिंतीवरच्या फळ्याला रोजची यादी टाचणीनं लावत असे. जाता-येता ते ती मोठ्यानं वाचत, बातम्या वाचाव्यात तशी. एकदा खिडकीतल्या कोळ्याकडे पाहत म्हणाले, "हा दिवसभर मंधात बसते, एक पाय धाग्यावर ठेवते. कुठी काई हललं का याले समजते. तुमचं बी तसंच हाय, बाई. एक पाय यादीवर."

"मग मला घरातून काढायला नोटीस द्यावी लागेल."

"तुमाले फुक मारून काई होनार नाई," काकाजी म्हणाले.

असं चाललेलं असताना एका एप्रिलमध्ये सचिवसाहेबांनी मला बोलावलं. गावातले जुने व्यापारी, स्वच्छ कपड्यांचे, नीटनेटक्या स्वभावाचे. मला ते आवडत, कारण त्यांच्या खिशातही यादी असे. ते म्हणाले, नवारीच्या खाटांचा काळ गेला. लोखंडी पलंग, वर प्लायवूड, त्यावर गादी. एकदा टाकलं की वीस वर्षं पाहायला नको. शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधी मी येऊन खाटा पाहतो. चांगल्या असल्या तर ठेवू, नाहीतर पलंगांची ऑर्डर देऊन टाकू.

"आणि काकाजी?" मी विचारलं.

"त्यांचा सत्कार करू. शाल, श्रीफळ. तुम्ही आताच आणून ठेवा म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. खाटा नसल्या तर त्यांना इथं काम काय? खोलीही आपल्याला गॅस सिलिंडर ठेवायला हवी आहे."

मी परत आले आणि सवयीनं यादी केली. 'शाल – १. नारळ – १.' आणि सवयीनंच ती फळ्यावर लावली. आता सांगताना मला लाज वाटते, पण त्या वेळी माझं लक्ष फक्त काही राहून जाऊ नये याकडे होतं.

संध्याकाळी काकाजी फळ्यासमोर उभे होते. त्या दिवशी त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही.

"ही शाल कोणाले, बाई?"

मी कपाटातलं काहीतरी शोधायला लागले.

"उन्हाळ्यात शाल," ते म्हणाले. "नारळ चांगला पाहून घ्याजो. पाणी वाजलं पाह्यजे."

नंतर मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, खाटा पास होतील, त्यात काही नाही. मात्र त्यांनी मला नाचणगावच्या पुतण्याचा फोन नंबर एका कागदावर लिहून घ्यायला सांगितला. तोपर्यंत त्यांनी कधी कुणाचा नंबर दिला नव्हता.

माझ्या मनानं घेतलं की खाटा पास व्हायच्या तर त्या अशा दिसल्या पाहिजेत की सचिवांना बोट ठेवायला जागा मिळू नये. जून लागला आणि काकाजी पुतणीच्या लग्नाला आठ दिवस नाचणगावला गेले. मी सुमनला आणि दोन बायांना बरोबर घेतलं. पहिल्या दिवशी बत्तीस शेपटं कात्रीनं कापली. दुसऱ्या दिवशी सगळ्या खाटा उकलल्या आणि प्रत्येक नवारीला खाटेच्या क्रमांकाची कापडी चिठ्ठी टाचली. तिसऱ्या दिवशी अंगणातल्या हौदात सोडा टाकून सगळ्या नवारी भिजवल्या, धोपटल्या, पिळल्या, दोऱ्यांवर वाळत घातल्या. पाणी चार वेळा काळं निघालं. मी फार खूश होते. पांढऱ्याशुभ्र नवारींनी अंगण भरून गेलं होतं.

चिठ्ठ्यांवरची शाई धुऊन गेली होती, पण त्याचं मला विशेष वाटलं नाही. सगळ्या सारख्याच तर होत्या.

काकाजी आले ते थेट अंगणातच. हातात लग्नातल्या बुंदीची पिशवी. त्यांनी एक नवार बोटांत धरली, नखानं खरवडली, मग दुसरी, मग तिसरी. बुंदीची पिशवी त्यांनी हौदाच्या कठड्यावर ठेवली आणि तिथंच बसले.

"कोणाच्या यादीत होतं हे?"

"माझ्या."

"सोडा बी टाकला?"

"टाकला."

"पाणी ऊन होतं?"

"कोमट."

"मंग काई राह्यलं नाई," ते म्हणाले.

त्यांनी एक नवार घेतली, रिकामी खाट ओढली आणि माझ्यासमोर विणून दाखवली. उभे पदर झाले, आडवे सुरू झाले, आणि पायथ्याला तीन-साडेतीन हात शिल्लक असताना नवार संपली. खाटेच्या पायथ्याशी मोठं भोक. सूत आटतं, एवढं मलाही माहीत होतं. माझ्या दोन सुती साड्या तशा गेल्या होत्या. पण पंचवीस-तीस मीटर लांब पट्टी आटली की किती आटेल, याचा हिशेब मी केला नव्हता. शेपूट कशासाठी होतं, तेही मला त्या भोकातून दिसलं.

नवीन सूत आणून बत्तीस नवारी विणायला दोन महिने लागले असते. सचिव बारा दिवसांनी येणार होते.

"शेपटं फेकली का?" काकाजींनी विचारलं.

नवल म्हणजे इथं माझी यादी कामाला आली. मी कधी काही फेकत नाही, नोंद करून ठेवते. वहीत होतं : 'नवारीचे तुकडे – ३२, कोठी, पोतं क्र. ३.' पोतं उघडलं तर पंचवीस निघाले. उरलेले सात सुमननं गरम पातेली उतरवायला घेतले होते. ते काळे-पिवळे झालेले, एकाला तर वरणाचा वास.

काकाजींनी ते सात तुकडे मांडीवर पसरले आणि सुमनकडे पाहिलं.

"मले काय माईत," सुमन म्हणाली, "चांगली जाड होती, हात भाजत नव्हता."

"चांगलीच हाय," काकाजी म्हणाले, "माणसाच्या हातची हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता साऱ्या शेपटाईलेबी हौदात टाका. जे मोठ्याले केलं तेच लहान्याले करा, नाई तं उद्या दोघाईचं जमनार नाई."

ज्यानं जन्मभर जोडाला नावं ठेवली, त्या माणसानं बत्तीस जोड घालायला घेतले. चार बोटं एकावर एक, कडा आत दुमडायच्या, दाभणानं आधी उभी शिवण, मग तिरपी. पण कोणतं शेपूट कोणाचं? माझं म्हणणं, रुंदी सारखी आहे, कोणतंही कोणालाही लावा. त्यांनी ऐकलं नाही. जाड नवारीला पातळ शेपूट लावलं तर एक ताणते, दुसरी फाटते. ते डोळे मिटून बोटांनी चाचपत आणि जोड्या लावत. "ही खिडकीखालची. ऊन खाल्लेली. ही त्या उंच पोट्टीची, टाचीपाशी घासली हाय. ही मी तापात विणली होती, पाहा, इथं ढिली हाय." माझ्या बत्तीस चिठ्ठ्यांचं काम त्यांनी एका सकाळीत केलं आणि एकदाही चिठ्ठ्यांचा विषय काढला नाही. ते मला जास्त लागलं.

तीन दिवस काकाजी, सुमन आणि मी शिवत बसलो. सुमनचा हात बरा होता. माझा नव्हता. माझा पहिला जोड एका बाजूनं चार बोटं आणि दुसऱ्या बाजूनं साडेतीन झाला, शिवण नागमोडी गेली आणि दाभण माझ्या अंगठ्यात गेलं. काकाजी उठले, कोपऱ्यातलं रिकामं जाळं बोटावर गुंडाळून आणलं आणि जखमेवर दाबायला लागले. मी हात मागं घेतला. मला आयोडीन हवं होतं.

"यादी करा अन् आणा," ते म्हणाले. "तवर हे राहू द्या."

आयोडीन आणेपर्यंत रक्त थांबलं होतं. मी तरीही आयोडीन लावलं.

तो जोड मी उसवायला घेतला, तर वेळ नव्हता. त्यांनी ती नवार तशीच एकोणीस नंबरच्या खाटेला विणली. पुढचे आठ दिवस ते उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत फक्त विणत होते. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. मी रोज फळ्यावर झालेल्या खाटांचा आकडा लिहीत होते आणि ते रोज तो वाचत नव्हते. आदल्या संध्याकाळी बत्तिसावी खाट पास झाली. बत्तीस वेळा लिंबू उसळलं. सुमननं त्याचं सरबत केलं आणि आम्ही तिघांनी तिथंच अंगणात बसून प्यायलं.

सचिवसाहेब सकाळी अकराला आले. पांढऱ्या नवारी पाहून त्यांचा चेहरा जरा उजळला, मग खाली वाकले आणि पायथ्याशी त्यांचं बोट थांबलं.

"हे काय? जोड आहे? आणि हे पिवळं काय लागलंय?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. चूक माझी होती आणि ती माझ्या नावावर जावी एवढी शिस्त मला आहे. पण काकाजी मधे उभे राहिले.

"सायब, ते पद्धत हाय. पोट्ट्या पायथ्याशी बसून गप्पा हाकतेत, तिथीसाच नवार पहिले तुटते. म्हणून तिथं डब्बल केली. नागपूरकडे बी आता असंच करतेत."

"आणि पिवळं?"

"हळद हाय. कीड लागत नाई."

मी खाली पाहत राहिले. सुमन आत निघून गेली आणि आतून एक भांडं पडल्याचा आवाज आला.

सचिवसाहेब पुढच्या खाटेकडे गेले, तिथंही जोड, त्याच्या पुढच्या खाटेलाही जोड. सगळीकडे एकसारखा दिसल्यामुळे त्यांना तो आवडायला लागला होता. मी त्यांना ओळखते. एकाच ठिकाणी असता तर ती चूक ठरली असती. "पाठ टेकून पाहतो जरा," ते म्हणाले, चप्पल काढून आडवे झाले. पंखा चालू होता. आम्ही दाराबाहेर थांबलो.

पाच मिनिटांनी आतून घोरण्याचा आवाज आला.

"पास झाला," काकाजी म्हणाले.

"खाट?"

"सायब."

ते पाऊण तासानं उठून बाहेर आले तेव्हा त्यांच्या उजव्या गालावर नवारीची चौकट उमटली होती. मग त्यांनी खिशातली यादी काढली, एक ओळ खोडली आणि मला म्हणाले, "पलंग राहू द्या. पण ही डबल नवारीची पद्धत चांगली आहे. इथून पुढं प्रत्येक खाटेला पायथ्याशी असाच जोड पाहिजे. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. काकाजींच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही.

नारळाची सुमननं चटणी केली. शाल मी कोठीत चामडी पट्ट्याशेजारी ठेवली.

त्यानंतर काकाजी आणखी बारा वर्षं आमच्याकडे राहिले आणि खोटं निभावत राहिले. दर उन्हाळ्यात पाच-सहा नव्या नवारी विणत. सबंध, सरळ, कुठं गाठ नाही अशी नवार मागावरून उतरली की ते मला हाक मारत.

"या बाई, पाहायले या. तुमच्या पद्धतीनं कापून राह्यलो."

मग माझ्यासमोर ते ती धडधाकट नवार कात्रीनं कापत आणि पुन्हा चार बोटांचा जोड घालत. मी दर वेळी म्हणे, काकाजी, आता कोण पाहतंय? ते म्हणत, "सायबानं लिवून घेतलं हाय. यादीच्या बाहेर जाता येत नाई." मी मग दाभणात दोरा ओवून देत असे. तेच त्यांना हवं असे.

एक गोष्ट मात्र माझ्या वहीत लटकलेली राहिली. त्या गडबडीनंतर, शाळा सुरू झाल्यावर, मी एकोणीस नंबरचा वाकडा जोड नीट करायला गेले तर तो तिथं नव्हता. तिथं छान सरळ जोड होता. मी बत्तीसही खाटांखाली वाकून पाहिलं. खाटा बत्तीस, नवारी बत्तीस, जोड बत्तीस, सगळे सरळ. मोजदाद बरोबर होती, म्हणून तक्रार करायला जागा नव्हती. काकाजींना विचारलं तर म्हणाले, "चुकलं ते आपसूक सुधरलं तं मालकाले आवडत नाई का?" मी वहीत लिहून ठेवलं : 'खाट क्र. १९ – वाकडा जोड – सापडत नाही.' माझ्या वहीत एवढी एकच ओळ अशी होती जिच्यापुढं खूण नव्हती. वही बदलली की मी ती नव्या वहीत उतरवत असे.

मग त्यांची नजर गेली. दाभण बोटांत जायला लागलं. तेव्हा मीच तो कागद शोधून पुतण्याला फोन केला. निघताना त्यांनी शाल घेतली नाही, स्वतःची खाट तेवढी बरोबर नेली. नवारीचा पट्टा कमरेला होताच. माग मात्र त्यांनी आमच्याकडे ठेवला आणि नोंद करायला लावली.

मागच्या थंडीत पुलगावला काम होतं, तेव्हा मी नाचणगावला जाऊन आले. घर सापडायला वेळ लागला नाही, कारण दाराला नवारीचा फास होता. पुतण्याची बायको तक्रार करत होती, की ओट्याच्या कोपऱ्यात जाळी झाली आहेत आणि आजोबा झाडू लावू देत नाहीत, दिसत नाही तरी म्हणतात मालक हाय. काकाजी ओट्यावर स्वतःच्या खाटेवर बसले होते. माझा आवाज त्यांनी लगेच ओळखला.

"या बाई. कोणत्या नंबरवर हावो आज मी?"

"तिसऱ्या. पहिलं बँक, दुसरं औषध."

"बरं हाय. पहिले तं मी यादीतच नव्हतो."

मी त्यांच्याजवळ खाटेच्या पायथ्याशी बसले. मांडीखाली काहीतरी टोचलं. मी उठून वाकून पाहिलं. एका बाजूनं चार बोटं, दुसऱ्या बाजूनं साडेतीन. नागमोडी शिवण. एका टाक्याशी फिकट तपकिरी डाग, माझ्या अंगठ्याचा.

मी मान वर केली, तर ते हसायला लागले होते.

"काकाजी, ही आमची नवार आहे."

"बदल्यात नवी देल्ली ना. मोजदाद बरोबर होती का नाई?"

"हा जोड तुम्ही उसवला का नाही? एवढं तुम्हाला..."

"रोज पाठीले लागते," काकाजी म्हणाले. "लागला का आठवते, एका बाईनं मले ठेवून घ्याच्या पायी बत्तीस नवारी धुतल्या होत्या."

पुतण्याच्या बायकोनं चहा आणला. त्यांनी तो बसून घेतला, त्या जोडाच्या खाटेवर. मला म्हणाले, "यादीत नका लिवू बरं."

सेलूला परत आल्यावर मी वही काढली. चालू वहीच्या पहिल्या पानावर ती ओळ होती. मी तिच्यापुढं लिहिलं, 'सापडला. जागेवर आहे,' आणि खूण केली.